पहिली लागर: यीस्टच्या अलीकडचं साताऱ्यात, पलीकडचं लीड्सला

कोरेगाव तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: "काका, मी लीड्सला नोकरी करतो, सध्या सुट्टीवर गावी आलोय. जानेवारीच्या मध्याला परत जाईन. आजवर बिअर कधी केलेली नाही, पण करायची तर लागरच, ती थंडीत मुरवलेली हलकी बिअर, कारण आमच्यात सगळे तीच पितात. तिथल्या भाड्याच्या घराला गॅरेज आहे, हिवाळ्यात आत आठ-दहा डिग्री असतं. जास्तीचा फ्रीज नाही. मित्र म्हणतात, आधी एल कर, ती उबेत होते, लागर तुला झेपायची नाही. दुसरं म्हणजे गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे, बल्क कूलर चार डिग्रीला चालतो. वैशाखात बहिणीचं लग्न आहे, तर इथेच वीस-पंचवीस लिटर करून ठेवू का? आणि आईला वाटतं, घरच्या दारूने डोळे जातात. तिला काय सांगू?"

मी सांगलीचा. नोकरीची सगळी वर्षं बिअर कारखान्याच्या फर्मेंटेशन विभागात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. आधी बल्क कूलर निकाली काढू.

नको. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हाच त्यात गुन्हा आहे. बिअर त्यात दारूच धरतात. विकणार नाही, घरच्यापुरतीच करतोय, असं सांगून सुटका होत नाही. वर पुन्हा ते दुधाचं केंद्र. उद्या काही झालं तर तुझ्या वडिलांच्या दारात सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन येणाऱ्या माणसांना उत्तर कोण देणार? आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तांत्रिकदृष्ट्याही ते जमणारं नाही. लागर चार डिग्रीला आंबत नाही, त्या तापमानाला ती मुरते. आंबायला दहा-बारा डिग्री लागतात. कूलरमध्ये वर्ट (मोड आणलेल्या जवाचं न आंबलेलं गोड पाणी) ओतून यीस्ट टाकलंस तर ते तळाशी जाऊन बसेल आणि तू रोज झाकण उघडून बघत राहशील.

इंग्लंडचं वेगळं आहे. तिथे १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, करही नाही. एक बाटली जरी विकलीस तरी हिशेब बदलतो, एवढं लक्षात ठेव. म्हणजे जे काही आंबवायचं ते लीड्सला.

आता आईचं. तिची भीती वेडगळ नाही. डोळे जातात ते मिथेनॉलने, आणि विषारी दारूच्या ज्या बातम्या तिने आयुष्यभर ऐकल्या त्यांत बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कुणीतरी दारूत मिसळलेलं असतं. जवाच्या बिअरमध्ये आंबताना तयार होणारं मिथेनॉल नगण्य असतं. आपण भट्टी लावून ऊर्ध्वपातनही करत नाही, त्यामुळे ते एका जागी साठत नाही. वर्ट तासभर खळखळ उकळलेला असतो. पुढे त्यात हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या फुलांचा, कडवटपणा, आम्लता आणि अल्कोहोल येतं, आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट लागते, कधी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. ती मोरीत ओतायची आणि विषय संपवायचा. घरच्या बिअरमधला खरा धोका डोळ्यांना आहेच, पण तो बाटली फुटून काच उडण्याचा. त्याच्याकडे शेवटी येतो.

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एल अठरा-वीस डिग्रीला आंबते, दोन-तीन आठवड्यांत बाटलीत जाते आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी भाजलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) नाहीतर भरपूर हॉप्सच्या चवीआड लपतं. लागर फिकी, हलकी, स्वच्छ चवीची. तिच्यात काही लपत नाही. पण ती अवघड मानली जाते त्याचं मुख्य कारण थंडी मिळवणं हे आहे, आणि ती तुझ्याकडे फुकट आहे. लागर ही मुळात फ्रीजच्या आधीची, हिवाळ्यात करायची बिअर. बव्हेरियात १५५३ मध्ये फर्मानच निघालं होतं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायची नाही, कारण उन्हाळ्यात केलेली बिघडायची. थंडीत करायची आणि तळघरात बर्फ भरून मुरवायची, हाच रिवाज. कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं १८७० च्या दशकात आली, तेव्हा कुठे बारमाही लागर सुरू झाली. पिल्झेन गावात १८४२ मध्ये योसेफ ग्रोलने केलेली पहिली सोनेरी लागरसुद्धा त्याआधीचीच. त्यामुळे मित्रांना सांग, जानेवारी-फेब्रुवारीत लीड्सला लागर सोपी आहे. जूनमध्ये केलीस तर मात्र ते बरोबर आणि तू चूक.

माझ्या मते पहिली लागर फसते ती दोन गोष्टींमुळे: यीस्ट कमी टाकलं जातं, आणि थंडी नको त्या वेळी दिली जाते. पाककृतीमुळे ती क्वचित फसते. लोक मात्र महिनाभर माल्ट आणि हॉप्सची नावं धुंडाळत बसतात आणि यीस्टचं एकच पाकीट आणतात.

तुझी सुट्टी अजून शिल्लक आहे, ती वाया घालवू नको. यीस्ट टाकेपर्यंत जे काही घडतं त्यात अल्कोहोल नसतं, ते नुसतं गोड पाणी असतं. तेवढा भाग साताऱ्यात, आईच्या स्वयंपाकघरात, तिच्या देखत शिकता येतो. एक किलो जव घे. किराणा दुकानात 'सातू' मागितलंस तर पीठ हातात देतील. 'बार्ली' म्हटलंस तर सडून पांढरे केलेले दाणे मिळतील, त्यांना मोड येत नाहीत. साल शाबूत असलेले जव पूजा साहित्याच्या दुकानात मिळतात. बियाण्याच्या दुकानातून आणू नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

जव निवडून, धुऊन आठ तास भिजत घाल. मग पाणी काढून आठ तास नुसते ओले ठेव, पुन्हा भिजव. दाण्यालाही श्वास लागतो. सलग दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलेस तर वास मारतात. एक किलोचे साधारण दीड किलो भरले की पाणी पुरे झालं समज. नंतर ओल्या गोणपाटावर दोन बोटं जाडीचा थर पसरायचा, सकाळ-संध्याकाळ उलथायचा, पाण्याचा हात मारायचा. डिसेंबर-जानेवारीची साताऱ्याची हवा याला छान आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारीक मुळं फुटतात, पण मुळांकडे बघून ठरवू नको. एक दाणा नखाने उभा सोल. सालीखाली पाठीच्या बाजूने एक पांढरा कोंब वर सरकताना दिसेल. तो दाण्याच्या पाऊण लांबीला पोचला की थांबायचं. तो बाहेर पडेपर्यंत थांबलास तर दाण्यातला स्टार्च त्यानेच खाल्लेला असतो. बुरशीची हिरवी-काळी ठिपकी दिसली तर सगळं टाकून दे, निवडत बसू नको.

मग पातळ पसरून खडखडीत वाळवायचं, ऊन मिळेल तेवढं. भट्टीत एकदम तापवू नको. दाणा ओला असताना जास्त उष्णता लागली की स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मरतात आणि त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप. वाळल्यावर दोन्ही हातांनी चोळ, मुळं गळून पडतात, सुपात पाखड. झालं माल्ट. नाचणी सत्त्व घरी केलं असेल तर आईला हे सगळं पाठ असेल. तिच्याकडून जास्त शिकशील.

आता भरडा काढायचा. पीठ नको, भरडा. दाणा फुटला पाहिजे आणि साल शक्य तितकी अखंड राहिली पाहिजे, कारण पुढे गाळताना तीच गाळणी होते. मिक्सरला एक-दोन झटके पुरतात. तीन लिटर पाणी ७२ डिग्रीला आण, त्यात एक किलो भरडा ढवळत टाक, तापमान ६६ च्या आसपास स्थिरावेल. पातेलं गोधडीत गुंडाळून ठेव. ६० ते ६५ डिग्रीच्या पट्ट्यात एक एन्झाइम यीस्टला पचणारी साखर करतं, सत्तरीजवळ दुसरं जोरात चालतं आणि न आंबणारे जड घटक मागे ठेवतं. ६५-६६ ला दोघांचीही कामं होतात आणि लागरला हवी तशी कोरडी चव मिळते.

तासाभराने पांढऱ्या बशीत एक थेंब वरचं पाणी घे आणि त्यावर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन थेंबभर सोड. निळं-काळं झालं तर स्टार्च अजून बाकी आहे, अर्धा तास आणखी थांब. आयोडीनचा पिवळसर तपकिरी रंग तसाच राहिला तर स्टार्चची साखर झाली. बशीतला थेंब फेकून द्यायचा, हे सांगायला नको. मग गाळ, चव बघ. पाण्यात भिजवलेल्या धान्यातून एवढी गोडी तासाभरात कुठून आली याचं पहिल्यांदा करणाऱ्याला नवल वाटतंच. हायड्रोमीटर (द्रवात तरंगणारी, आकडे कोरलेली काचेची नळी) असेल तर वर्ट वीस डिग्रीला निववून ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, मोज; साखर जास्त तर आकडा जास्त. चोथा म्हशीपुढे टाक, ती सोडत नाही. वर्ट उकळून, आलं घालून त्याच दिवशी पिऊन टाका. रात्रभर उघडा ठेवलास तर हवेतलं यीस्ट आपोआप उतरतं, आणि मग आपण पुन्हा कायद्याच्या परिच्छेदात जातो.

अजून एक सराव साताऱ्यात कर, तो जास्त महत्त्वाचा. वीस लिटरची बादली पाण्याने भर, ती मोठ्या टबात ठेव, टबातही पाणी भर. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात टाकत बादलीतलं पाणी दोन दिवस बारा डिग्रीला धरून दाखव. दर काही तासांनी आकडा वहीत लिही. किती बाटल्या लागतात, पहाटे किती खाली जातं, दुपारी किती चढतं, हे एकदा हाताला कळलं की लीड्सला तुझी धावपळ निम्मी होईल.

आता तिकडचं. वीस लिटरसाठी साडेचार किलो पिल्सनर माल्ट, भरडून मिळतं ते. पस्तीस लिटरचं पातेलं आणि त्यात बसणारी जाळीची पिशवी असेल तर सगळं एकाच भांड्यात होतं: २८ लिटर पाणी सुमारे ७० डिग्रीला आणायचं, पिशवीत माल्ट सोडायचं, तासभर ६६ ला ठेवायचं, पिशवी उचलून निथळायची. एवढं मोठं पातेलं नसेल तर फिक्या रंगाचं सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट २.६ किलो घे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन्हीकडून ग्रॅव्हिटी १.०४८ ते १.०५० येईल आणि शेवटी पाच टक्क्यांच्या आसपासची बिअर होईल.

पाण्याचं दोन वाक्यांत. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, त्याने बिअरला औषधी, बँडेजसारखा वास येतो; अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारं सल्फाइट) आदल्या रात्री सगळ्या पाण्यात विरघळवून टाक. फिक्या लागरला मृदू पाणी मानवतं, तेव्हा जिथे किटलीत पांढरा थर चढतो (आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉईलवर चढतो तोच) तिथे निम्मं पाणी विकतचं, कमी क्षारांचं घ्यावं.

उकळणं तासभर, झाकण न ठेवता. पिल्सनर माल्टमधून उकळताना शिजलेल्या मक्यासारख्या वासाचा एक गंधकयुक्त पदार्थ निघतो, तो वाफेबरोबर गेला पाहिजे. झाकण ठेवलंस तर थेंब थेंब होऊन परत आत पडतो. पहिली उकळी फुटताना वर्ट उतू जातो, तेव्हा शेगडीपासून हलू नको. बारा टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातूनच येतो) मॅग्नम हॉप्स पंधरा ग्रॅम सुरुवातीला, झेकियाचे साझ तीस ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांना. बास. पहिल्या लागरला यापेक्षा जास्त सजवू नको.

मग निववणं. जानेवारीत तिथलं नळाचं पाणी इतकं गार असतं की तांब्याच्या कॉईलमधून सोडलं तर वर्ट अर्ध्या-पाऊण तासात वीसच्या खाली येतो. तिथून पुढे बारापर्यंत गॅरेज उतरवेल. उतरू दे, घाई करू नको, पण तोवर झाकण घट्ट. उकळी बंद झाल्यापासून वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं: नळी, चमचा, थर्मामीटर, तुझे हात. तू दूध केंद्रावर वाढलास. कूलर आधी धुतात, मग निर्जंतुक करतात, ही दोन वेगळी कामं आहेत हे तुला माहीत आहे. अनेकांना ते बिअर करतानाही उमजत नाही. आधी परकार्बोनेटने धुऊन डाग घालवायचा, मग फॉस्फोरिक आम्लाचं, नंतर पाण्याने विसळावं न लागणारं द्रावण फिरवायचं. मळ असलेल्या भांड्यावर निर्जंतुकीकरण चालत नाही.

यीस्टकडे येऊ. लागरचं यीस्ट दोन जातींचा संकर आहे: एक नेहमीचं, पाव आणि बिअरचं, दुसरं थंडी सोसणारं. हे दुसरं मूळ यीस्ट २०११ मध्ये पाटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं जाहीर झालं. शुद्ध एकपेशीय वाण वेगळं करून वापरायचं तंत्र एमिल हान्सेनने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये बसवलं. थंडीत काम करणारं असलं तरी ते सावकाश वाढतं, म्हणून सुरुवातीलाच जास्त लागतं. आईला विचार, थंडीच्या दिवसांत दुधाला विरजण जास्त का लावतेस, तोच हिशेब. एलच्या साधारण दुप्पट यीस्ट लागरला टाकतात.

डब्ल्यू-३४/७० नावाचं सुकं यीस्ट घे. नवख्याला याच्याइतकं समजूतदार वाण मला दुसरं माहीत नाही. पाकीट ११.५ ग्रॅमचं. बारा डिग्री किंवा वर असेल तर वीस लिटरला दोन पाकिटं. त्याखाली आंबवणार असशील तर तीन-चार. तू बाराच धर आणि दोन टाक. पाकिटामागे थोडे पौंड वाचवायला जाऊन एकच टाकलंस, तर यीस्ट ताणाखाली वाढतं, फळांचे नाहीतर लोण्याचे वास सोडतं आणि शेवटची साखर तशीच ठेवतं. वर्टही बाराला असतानाच टाक. पंचवीसला टाकून मग गॅरेजमध्ये ठेवलंस तर पहिल्या दिवशी, जेव्हा यीस्ट सर्वांत जास्त वाढतं, तेव्हाच ते गरम राहतं आणि नंतर गारठून थबकतं. नको त्या वेळची थंडी म्हणतो ती ही.

तापमान मोजायचं ते बिअरचं, गॅरेजच्या हवेचं नाही. आंबताना उष्णता निघते, बिअर भोवतालपेक्षा दोन-तीन डिग्रींनी गरम राहते. म्हणजे तुझ्या आठ-दहाच्या गॅरेजमध्ये ती आपसूकच बाराच्या जवळ बसेल. थर्मामीटरचा सेन्सर फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) अंगाला चिकटव आणि त्यावर स्पंज बांध, म्हणजे बाहेरची हवा तो मोजणार नाही. तुला गार करण्यापेक्षा ऊब देण्याची गरज जास्त पडेल. एखाद्या रात्री गॅरेज तीन-चारवर गेलं तर यीस्ट काम सोडतं. गोधडी आणि थर्मोस्टॅटला जोडलेला हीट बेल्ट जवळ असू दे.

दीड दिवसात एअरलॉक (झाकणावरची पाण्याची झडप, वायू बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) फसफसायला लागेल. दोन दिवस काहीच दिसलं नाही तरी घाबरू नको, थंडीत उशीर लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सडक्या अंड्याचा वास येईल. गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण तुला विचारेल. लागरच्या यीस्टचा तो स्वभाव आहे, वायूबरोबर निघून जातो. या काळात झाकण उघडायचं नाही. आणि गॅरेज बंद असेल तर आत जाताना दार थोडा वेळ उघडं ठेव. निघणारा वायू कार्बन डायऑक्साइड आहे, तो खाली साचतो.

सहाव्या-सातव्या दिवशी नमुना काढून हायड्रोमीटर लाव. ग्रॅव्हिटी १.०२० च्या आसपास उतरली असेल, तेव्हा फर्मेंटर उचलून घरात आण आणि १७-१८ डिग्रीला ठेव. बहुतेक नवखे नेमकं याच्या उलट करतात: लागर म्हणजे थंड, म्हणून अजून गार करतात. आंबताना यीस्टमधून एक पदार्थ बाहेर पडतो, त्याचं पुढे बिअरमध्ये डायअसिटिल होतं. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नला लोण्याचा जो बनावट वास असतो, तो हाच. यीस्ट जागं आणि उबदार असेल तर ते तो परत शोषून घेतं. आधीच गार करून यीस्ट तळाशी बसवलंस तर वास बिअरमध्ये कायमचा राहतो.

तीन-चार दिवसांनी परीक्षा घे. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घे, दोन्हींवर फॉइल. एक साठ डिग्रीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेव, मग दोन्ही सारख्या तापमानाला आण आणि हुंग. तापवलेल्यात लोण्याचा वास आला आणि दुसऱ्यात नसला, तर डायअसिटिल अजून व्हायचं बाकी आहे; आणखी दोन दिवस घरातच राहू दे. दोन्ही स्वच्छ असतील आणि ग्रॅव्हिटी १.०१० च्या आसपास सलग तीन दिवस हलली नसेल, तर आंबवण संपली. आमच्याकडे या दोन ग्लासांशिवाय कुठलीही टाकी गार करायला सोडायची नाही, असा नियम होता. प्रयोगशाळेचा अहवाल आला तरी हुंगणारा माणूस लागायचाच.

आता खरी थंडी. गाळावरून बिअर हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात घे, छपाक आवाज होऊ न देता, आणि गॅरेजच्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेव. गार होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी बिअरमध्ये ओढलं जातं. म्हणून त्यात निर्जंतुक द्रावणच असावं, तेही थोडंच. कारखान्यात आम्ही शून्याच्या जवळ ठेवायचो. तुला फेब्रुवारीत चार-पाच मिळेल, चालेल, फक्त आठवडे थोडे वाढव. पाच-सहा आठवडे धर. पहिल्या आठवड्यात ती गढूळ, थोडी गंधकाळलेली, कडवटपणा अंगावर येणारी लागेल. हळूहळू निवळत जाईल आणि चव गोल होईल. मध्येमध्ये चाखण्यासाठी नळ सोडत राहिलास तर हवा आत जाते, मन आवर.

मार्चअखेर बाटल्या. वीस लिटरला साधी साखर १२० ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून, निववून, सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळायची. इथे एक खोच आहे. साखरेचे तक्ते बिअरचं तापमान विचारतात आणि लोक मुरवतानाचं चार डिग्री लिहितात. तक्ता त्यावरून धरतो की बिअरमध्ये आधीच भरपूर वायू विरघळलेला आहे आणि साखर कमी सांगतो. बिअर मिळमिळीत होते. लिहायचं ते आंबवण संपताना गाठलेलं सर्वांत जास्त तापमान, तुझ्या बाबतीत १८, कारण वायू तेव्हाच निघून गेला; नंतर गार केल्याने तो परत येत नाही. इतके आठवडे थंडीत राहिल्यावर यीस्ट थोडंच उरतं, म्हणून साखरेबरोबर चिमूटभर ताजं सुकं यीस्टही घाल.

बाटल्या बिअरच्याच, तपकिरी, जाड काचेच्या. पातळ किंवा सरबताच्या काचेच्या बाटल्या अजिबात नकोत. ग्रॅव्हिटी खाली यायची बाकी असताना भरलेल्या बाटलीत दाब वाढत जातो आणि कपाटातच ती फुटते. आईला ज्या डोळ्यांची काळजी आहे ते इथे जातील. म्हणून वर तीन दिवसांचा स्थिर आकडा सांगितला. सोड्याची एक प्लास्टिकची बाटलीही भर. ती दाबून कळतं की आत काय चाललंय. कडक झाली की वायू तयार झाला. दगडासारखी होऊन फुगायला लागली, तर जाड हातमोजे आणि चष्मा घालून काचेच्या सगळ्या बाटल्यांचा दाब सोडायचा. दोन आठवडे घरातल्या उबेत, मग पुन्हा गार. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली उघड.

लग्नाचं राहिलं. परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, त्यात बिअरही धरली जाते. म्हणजे ५०० मिलीच्या चार बाटल्या. त्यांच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, सामानात हिंदकळून तो वर येतो, तेव्हा घरी पोचल्यावर तीन दिवस फ्रीजमध्ये उभ्या ठेव आणि ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच राहू दे. एकवीस वर्षांखालच्या भाच्या-पुतण्यांना महाराष्ट्रात बिअर चालत नाही, तेव्हा चारच बाटल्या आहेत हे तुझ्या पथ्यावरच पडेल. वऱ्हाडासाठी हवी असेल तर परवान्याच्या दुकानातून घ्या आणि कार्यक्रमात द्यायची असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना आधी काढा; वैशाखात लग्नांची गर्दी असते, आदल्या दिवशी धावू नका.